धाकट्या जावयांच्या गाडीच्या पट्ट्याची बखर

पट्ट्याची किंचाळी. साखरआंब्याची बरणी. अडकित्ता. स्कूटरची डिकी. घाट.

कुलस्वामिनी यंत्रासही सांभाळो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, वैशाखमासी सासुरवाडीच्या राज्यात वर्तले ते ऐसे. थोरले जावई तुळाजीराव, हात यंत्रात मुरलेला; परंतु जावयाने सासुरवाडीत आपण होऊन कामास हात लावू नये, विनवणी व्हावी मग उठावे, हा त्यांचा बाणा. धाकटे जावई विश्वंभरराव यांणी सात माणसे बसतील ऐशी मोठी गाडी घेतली, आणि आईसाहेब, म्हणजे सासूबाई, त्या गाडीखेरीज कोठे जाईनात, आणि थोरल्यांच्या पोटी मत्सराचा वणवा पेटला. मग घाटापलीकडल्या देवीच्या दर्शनाची स्वारी ठरली, आणि कित्येक दिवस कुरकुरणारा इंजिनाचा पट्टा ऐन निघते समयी किंचाळू लागला. थोरले ओसरीवर सुपारी कातरीत बोलावण्याची वाट पाहते जाहले. बोलावणे न आले. धाकट्यांनी मोबाइलात पाहून बाह्या सारल्या आणि म्हणाले, “दादा, तुम्ही सावलीत बसा. ऊन बाधेल.” मग आणून ठेवलेला नवा पट्टा साऱ्या पुलींवरून नागमोडी फिरवून बसविला, आणि आईसाहेबांनी त्यांचा घाम पदराने पुसला. थोरल्यांचा घाम त्या घरी आजवर कोणी पुसला नव्हता. परंतु थोरल्यांच्या कानाने ओळखले की पट्टा नवा, तरी त्यास ताणून धरणारा टेन्शनर जुनाच, आणि आतून घरघरतो. घाटात तो निकामी जाहला म्हणजे पट्टा सुटेल, स्टिअरिंग जड होईल आणि इंजिन उकळेल. मनी म्हणाले, सुटू दे, भर घाटात फजिती होऊ दे, मग बोलावतील. आणि पुन्हा सुपारी धरली. तोच त्यांच्या पत्नी सगुणाबाई साखरआंब्याची बरणी मांडीवर घेऊन त्याच गाडीत, आईसाहेबांशेजारी, हौसेने बसल्या आणि काचेतून म्हणाल्या, “अहो, येताय ना?” अडकित्ता थांबला. मग थोरले उठले. “उतरा सगळे. टेन्शनर बदलल्याशिवाय ही गाडी घाट चढायची नाही.” धाकटे हसले. “आज दुकाने बंद, दादा. आणणार कोठून?” थोरल्यांनी आपल्या स्कूटरच्या डिकीतून कोरा टेन्शनर काढला. “होता एक पडून.” आणि लांब पान्याने ताण सोडविला, पट्टा उतरविला, जुना काढून नवा बसविला, पट्टा चढविला, कोपरापर्यंत काळे जाहले, आणि इंजिन मुके चालले. मग आईसाहेब म्हणाल्या, “विश्वंभरराव, तुमच्या गाडीला नाव ठेवायला जागा नाही.” थोरले मागल्या बाकावर जाऊन बसले.

येणेप्रमाणे स्वारी सुखरूप जाऊन आली. यश धाकट्यांचे, काळे हात थोरल्यांचे, मत्सर होता तेथेच.

तो टेन्शनर थोरल्यांनी गुढीपाडव्यास विकत घेतला होता, गाडी प्रथम कुरकुरली त्याच संध्याकाळी.