पिवळ्या रेणूच्या चार हुजऱ्यांची हकीकत

काचेच्या चंबूस नमन, खालच्या आचेस नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, माघमासी एका राज्यात मोठा पेच उभा राहिला, त्याची हकीकत ऐसी जे, गणितमहाली निळोपंत संगणकावर रेणूंचे भविष्य वर्तवीत, कोणता टिकेल, कोणता बिघडेल. आणि रसशाळेत भिवराबाई तोच रेणू हातांनी घडवून पाहत. पंतांनी एक चौकोनी पिवळा रेणू मांडिला आणि भर दरबारी सांगितले की हा शंभर वर्षे हलणार नाही. महाराज संतोष पावले आणि आज्ञा जाहली की फाल्गुनी पौर्णिमेस सुक्या पिवळ्या कणांची कुपी आम्हांसमोर ठेवावी. न ठेविल्यास रसशाळेस कुलूप, जागा गणितमहालास.

मग बाईंनी पदर खोचला आणि रेणू घडविला. पातळ द्रावणात कसा झकास पिवळा! मग आटवून दाट केला, तो पांढरा राडा जाहला. पुन्हा केला, राडाच. तिसऱ्यांदा, तोच राडा. पंत हसून बोलिले, "बाई, गणित चुकत नसते. भांडे खरकटे असेल."

"तीनदा विसळलंय, पंत. हवं तर त्यात ताक ओतून प्या!"

ऐसे बोलून बाई परतल्या खऱ्या, पण मनी एकच घोर: वीस वर्षांची रसशाळा जाते की काय! आणि तेवढ्यात कोपऱ्यात आठ दिवसांपूर्वी विसरलेला पातळ द्रावणाचा चंबू दिसला. पिवळाच! मग बाईंच्या मनी आले की, याला हवा बाधत नाही, काच बाधत नाही, दाटीत याला याचाच भाऊ बाधतो. आणि चंबू घेऊन तडक गणितमहाली गेल्या.

"पंत, संगणकाच्या पटावर रेणू किती बसविता?"

"एकच. आमची पहिल्यापासूनची रीत आहे. दोन बसविले की यंत्र धापा टाकते."

"आणि भोवती?"

"काही नाही. पोकळी."

"अहो, मग तो बिघडेल कशाला? एकट्याला भांडायला आहे कोण?"

पंतांनी मांडलेला पट मोडिला; राज्यात हे प्रथमच. मग दोन रेणू बसविले, यंत्राने दोन दिवस धापा टाकल्या, आणि पटावर दिसले की दोघे जवळ येताच मिठी मारितात आणि पुन्हा सुटत नाहीत.

"आता?" पंतांनी हळूच विचारिले.

"चार कोपऱ्यांस चार धिप्पाड हुजरे जोडू, कार्बनच्या अणूंचे गुच्छ. भावाला जवळ येऊच द्यायचं नाही."

"किती धिप्पाड?"

"ते तुम्ही सांगा की! हुजऱ्यांच्या चौदा जाती माझ्या मनात आहेत, साऱ्या घडवायला मला दिवस कुठे उरलेत?"

मग पंतांनी चौदाही जाती पटावर पारखिल्या. किरकोळ हुजऱ्यांमधून भाऊ शिरे. फार लठ्ठ हुजरे आपसांतच रेटारेटी करून चौकोन फाडीत. एक जात नेमकी बसली, आणि बाईंनी तीच घडविली.

पौर्णिमेस भर दरबारी बाईंनी द्रावण आटविले. पंत श्वास रोखून उभे, बाईही उभ्या. शेवटचा थेंब उडाला आणि तळाशी हळदीसारखा पिवळा कण राहिला. घटका गेली, दोन गेल्या, पिवळाच.

महाराजांनी विचारिले, "थोर कोण? गणित की हात?"

पंत अदबीने बोलिले, "महाराज, एकेकटे मोजू नये. तीच चूक मी करून बसलो होतो."

ऐसे वर्तमान जाहले. रसशाळेचे कुलूप आले तसे परत गेले, गणितमहाली पटावर दोन आसने कायम जाहली, आणि कुपी खिडकीत आहे. खोटे वाटेल त्याने जाऊन पाहावी.