मागे न जाणारी गाडी

"रिव्हर्स ही निव्वळ चैन आहे!" हिशेबरावांनी जेवताना जाहीर केलं. "माणसाला जायचं असतं पुढे!"

हिशेबराव हे नाव बायकोनं ठेवलेलं. गाडी जुनी, ऑटोमॅटिक. तिचा गिअरबॉक्स हट्टी म्हाताऱ्यासारखा झाला होता. बाकी सगळं ऐकायचा, जरा मागे सरका म्हटलं की बहिरा! नवा घ्यावा, तर त्यावर गाडी फुकट मिळाली असं वाटावं इतका महाग. दुरुस्त केलेला जुना परवडला असता, पण तो मिळत नव्हता. "तोवर मागे जाऊ नका," मेकॅनिक हात पुसत म्हणाला. हिशेबरावांना हा उपाय मनापासून पटला. तो फुकट होता.

ते गाडी चढाकडे तोंड करून लावू लागले. ब्रेक सोडला की ती आपसूक मागे यायची. जिथे चढ नाही, तिथे त्यांना कामच नसायचं.

आणि मग बायकोची मुलाखत आली. मूल झाल्यानंतरची पहिलीच. उशीर झाला म्हणून हिशेबरावांनी गाडी अरुंद गल्लीत घातली. समोरून दुसरी आली. नाकाला नाक!

"घ्या मागे!" समोरचा मिशीवाला ओरडला.

"तुम्ही घ्या!"

"मी आधी आलोय!"

"मग आधी जा!"

बायको हळूच म्हणाली, "सांग ना, रिव्हर्स पडत नाही म्हणून. ढकलू आपण."

"चारचौघांत?"

"एकच माणूस आहे तो!"

"मग त्याला वाटू दे, तत्त्वाचा प्रश्न आहे."

बायकोनं घड्याळ पाहिलं, नवऱ्याला पाहिलं, फाइल काखेत मारली आणि सरळ चालू लागली.



"वहिनी चिडल्या?" मिशीवाल्यानं विचारलं.

"हं." हिशेबराव खाली उतरले. "अहो, रिव्हर्स गेलाय माझा."

मिशीवालाही उतरला. त्याचे डोळे पाणावले. "माझापण!"

मेकॅनिकही एकच निघाला! दोघांनी मिळून त्याला फोन लावला.

"बरं झालं," तो म्हणाला. "दुरुस्त केलेला गिअरबॉक्स आलाय. स्वस्तात देतो. पण एकच आहे. जो आधी गाडी आणेल त्याचा!"

दोन मित्रांनी एकमेकांकडे पाहिलं. धाडकन दोन दारं लागली. दोन्ही गाड्या त्वेषानं गुरगुरल्या, बोटभर पुढे सरकल्या आणि बंपरला बंपर टेकून थांबल्या.

बायको परतली तेव्हा दोघं तसेच बसले होते, स्टिअरिंग घट्ट धरून.

"झाली मुलाखत?" हिशेबरावांनी काच खाली केली.

"नोकरीच मिळाली. शेवटी विचारलं, अडचण आली की काय करता? म्हटलं, उतरून चालायला लागते."

हिशेबरावांनी तिच्या धुळीनं माखलेल्या चपलांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग गिअर न्यूट्रलला टाकला.

"या हो, लावा हात," ते मिशीवाल्याला म्हणाले. "माझी ढकला. गिअरबॉक्स तुम्ही घ्या."

मिशीवाल्यानं बोनेटला खांदा लावला, बायकोनं पदर खोचला आणि गाडी इंच इंच मागे निघाली.

"हिशेबराव," बायको धापा टाकत म्हणाली, "चक्क माघार घेतलीत!"

"मी कुठे?" स्टिअरिंगमागून हिशेबराव म्हणाले. "तुम्हीच ढकलताय!"