दह्यानं नापास केलेले ट्रक

उभा ट्रक दिसला की गुणवंतभाऊ त्याच्याखाली जाऊन आडवे होतात. ट्रक कोणाचा आहे, ड्रायव्हर कुठे गेलाय, काही बघायचं नाही. धामणगाव रेल्वे या गावी माझ्या पुतण्याचं लग्न होतं. अक्षता पडल्या, पंगत बसली, तरी भाऊंचा पत्ता नाही. शेवटी मांडववाल्याच्या ट्रकखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. ओढून काढलं तर इस्त्रीच्या सदऱ्यावर ग्रीसचा पट्टा आणि चेहऱ्यावर नवरदेवापेक्षा जास्त आनंद. मला म्हणाले, "प्रकाश, स्प्रिंगचे पाटे मस्त हायेत. पन मांगं डबल टायर हाय. नाई चालत."

मी त्यांचा अमरावतीतला शेजारी. भाऊंनी चाळीस वर्षं भाजी पिकवली आणि स्वतः बाजारात नेऊन विकली. आता शेत मुलगा पाहतो आणि भाऊ चासी पाहतात. चासी म्हणजे ट्रकचा खालचा सांगाडा. त्यावर त्यांना घर बांधायचंय, बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी सगळं धरून. आणि ते घर घेऊन जिथे रस्ता संपतो तिथून पुढे जायचंय. कुठे, असं विचारलं की एकच उत्तर, लडाख. बैठकीत लडाखचा नकाशासुद्धा लावलाय. साडेतीन वर्षं झाली. तेवढ्यात आमच्या गल्लीत दोन घरं बांधून झाली, भाऊंच्या घराला अजून पाया सापडायचा होता.

कारणं तरी किती! लांब चासी नाल्यात मधोमध टेकते. आखूड चासी उसळते. मागे डबल टायर असले की दोन्हींच्या मधे काळी माती गच्च भरते आणि गाडी बसते ती बसतेच. हे सगळं मला पाठ आहे, कारण दर रविवारी मीच त्यांना अकोल्याच्या जुन्या ट्रकांच्या बाजारात नेतो. कोणी रंग, सीट, गाण्याची मशीन सांगायला लागलं की भाऊ हात वर करतात. "वरचं नोका सांगू. खालचं सांगा."

लडाखात काळी माती कुठून आली, हे विचारायची अक्कल मला तेव्हा नव्हती.

ट्रक खालून पास झाला की दह्याची परीक्षा. भाऊंच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, लावलेल्या घट्ट दह्याचा गंज, म्हणजे उभं पातेलं, भाऊ अमरावतीपासून मांडीवर धरून आणतात. तो ट्रकच्या मागच्या फळ्यांवर ठेवायचा, आपण शेजारी बसायचं आणि पातूरकडच्या कच्च्या रस्त्यानं एक फेरी मारून यायची. मग झाकण काढायचं. दही फाटलं, पाणी सुटलं की ट्रक नापास. असे अकरा ट्रक नापास झाले. रफीकभाई नावाचा दलाल एकदा वैतागून म्हणाला, चाचा, ट्रक घ्यायचाय का मठ्ठा करायचाय? भाऊ हसले नाहीत. मीही हसलो नाही, कारण त्या दह्याची कढी दर सोमवारी माझ्याच घरी येते.

एका रविवारी परतताना माझं डोकं फिरलं. म्हटलं, लोक लडाखला मोटारसायकलवर जातात, तिथं तुमच्या दह्याला कोण पुसतं हो? भाऊंनी मांडीवरच्या गंजाचं झाकण नीट बसवलं. मग म्हणाले, "लडाखले कोन जाते, प्रकाश? सुमनले तिच्या भावाकडं न्याचं हाय."

चार वर्षांपूर्वी भाजीचं पोतं उचलताना वहिनींचा मणका सरकला. ऑपरेशन झालं, पण पंधरा मिनिटांच्या वर बसवत नाही. डॉक्टर म्हणतात, प्रवास करा, पण झोपून आणि धक्के न खाता. त्यांचा थोरला भाऊ तेल्हाऱ्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, शेतात एकटा राहतो. त्याचे गुडघे गेलेत. शेवटचे चार कोस नुसते नाले, दगड आणि काळी माती. माझ्यासारख्याची गाडी तिथे पोटावर टेकते. तेव्हापासून बहीणभाऊ फोनवरच भेटतात.

मग हे लडाखचं सोंग कशाला? तर भाऊ म्हणाले, खरं सांगितलं असतं तर तिनं रोज वाट पाहिली असती. अन् नाही जमलं तर? लडाख नाही झालं तर तिला काय वाईट वाटणार आहे! मला माझ्याच बोलण्याची भारी लाज वाटली.

दिवाळीनंतर रफीकभाईनं फौजेतून निघालेला एक ट्रक दाखवला. उंच, चारही चाकं जोर लावणारी, मागे सिंगल टायर. भाऊ खालून बाहेर आले ते हसतच. आणि फेरी मारून आलो तर दह्याचं नुसतं पाणी. घरी येऊन त्यांनी गंज खाली ठेवला आणि म्हणाले, बस झालं, आता नाही पाहत.

वहिनी खाटेवर पडल्या होत्या. त्यांनी गंजात डोकावून विचारलं, ट्रकमध्ये माल काय होता? मी म्हटलं, माल कशाला असेल, रिकामाच होता.

"चाळीस वर्षं भाजी वाह्यली तुमी," वहिनी म्हणाल्या. "भरल्या गाडीत टमाटर कवा फुटले का? रिकामी गाडीच उडते ना."

बाराच्या बारा ट्रक आम्ही रिकामे पळवले होते. वर घर आलं की त्याच्या वजनानं पाटे दबणार, धक्का मऊ होणार, हे दोन शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"अन् आता दही नोका नेऊ," वहिनी म्हणाल्या. "दह्याचं तेल्हाऱ्याले कोन हाय? मले न्या."

घरात तेल्हाऱ्याचं नाव कोणी काढलं नव्हतं. भाऊंनी माझ्याकडे संशयानं पाहिलं, आईशप्पथ, मी काही बोललो नव्हतो.

रफीकभाईनं ट्रक अमरावतीला आणला. घराच्या वजनाएवढी वाळूची पोती भरली, वर फळ्या, त्यावर गादी, गादीवर वहिनी, शेजारी मी. शेतामागच्या नाल्यातून ट्रक चालला, आणि भाऊ त्याच्यापुढे पायी, वाटेतले दगड उचलून बाजूला टाकत. मी ओरडलो, अहो, तुम्ही दगड काढले तर परीक्षा कसली? त्यांनी ऐकलं नाही. परत येताना ट्रक दुसऱ्या वाटेनं आला, तिथले दगड कोणी काढले नव्हते, वहिनींनी डोळे मिटून घेतले होते. ट्रक थांबल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, बरं हाय.

भाऊंनी खिशातून घडी केलेला कागद काढला. ट्रकवरच्या घराचं चित्र. अडीच फुटांचा बिछाना, उशीशी खिडकी, धरायला कडी, पलीकडे शेगडी. वहिनींनी चष्मा लावून ते नीट पाहिलं.

"अन् तुमी कुठं झोपसान?"

भाऊंनी कागद उलटासुलटा केला. साडेतीन वर्षांत त्या घरात त्यांनी स्वतःला कुठेच काढलं नव्हतं. मी बसीन ना तुह्या पायापाशी, असं काहीतरी ते पुटपुटले. वहिनींनी माझ्या खिशातला पेन काढून घेतला, शेगडीवर काट मारली आणि पडल्यापडल्याच बिछान्याची रेघ पार पलीकडच्या भिंतीपर्यंत नेली. मग त्यांनी भावाला फोन लावला.

"दादा, आमी दोघंही येतो," त्या म्हणाल्या.