छापील हत्तीण नदीस गेली त्याची हकीकत

श्री. सर्वकर्त्यास वंदून व श्रोत्यांपाशीं थोडा धीर मागून, घडलें तैसें लिहितों. शके सोळाशें सत्त्याऐंशी, पार्थिवनाम संवत्सरे, वैशाखमासीं ऐसें वर्तमान जाहलें कीं, या राज्याचे धनी श्रीमंत माणकोजीराजे यांजपाशीं चंपाकळी म्हणोन हत्तीण होती, आणि नदीपल्याडचे राजे हैबतराव यांणीं वकिलाकडून सांगोन पाठविलें कीं, "हत्तीण द्यावी, नाहीं तर फौज येते." राजे बहुत कष्टी जाहले. फौज म्हणावी तर देवडीवरचे शिपाई तेवढे, आणि चंपाकळीस तों राजियांनीं लहानपणापासोन आपल्या हातें भरविलें होतें. मग छापकारखान्याची मुख्य सगुणाबाई जिनगर हुजुरांत येऊन बोलली, "महाराजांनीं जीव थोडा करूं नये. मी हत्तीण छापून देतें." राजे म्हणाले, "कागदावरची हत्तीण तो घेईल काय?" बाई म्हणाली, "कागदावर नव्हे. माझें यंत्र लांबीरुंदीसवें उंचीही छापतें. शाईचे जागीं खळ आहे, ती पाणी पिऊन फुगते, वाळली कीं आकसते, आणि धागा जैसा घालावा तैसी वळते. जाजमासारखी गुंडाळून न्यावी, तांब्याभर पाणी शिंपडावें, उठून उभी राहील."

मग यंत्राच्या तोटींतून खळीचा धागा सुटला, थरावर थर बसला, आणि हत्तीण तयार होऊन गाडीवर चढली. माहूत दौलतखान सोबत दिला. सगुणाबाईनें त्यास बजाविलें, "खानसाहेब, तांब्याभरच. नदी दाखवूं नका." खानानें पल्याड जाऊन झाडाआड पाणी शिंपडलें, तों हत्तीण उठली, कान पसरले, सोंड वर जाहली; आणि पुढल्या पायांस पाणी, मागल्यांस वारा, ऐसें करीत खानानें ती दरबारापर्यंत चालविली. हैबतराव संतोषोन अंबारींत बसले आणि आज्ञा केली, "नदीवर घ्या, अंघोळ घालूं." खान म्हणाला, "हुजूर, हिला अंघोळीची सवय नाहीं." राजे म्हणाले, "मला आहे."

मग हत्तीण नदींत शिरली आणि पाणी पिऊं लागली. नदी ओसरली, घाटावरील बायका धुणीं घेऊन पाण्यामागें धांवूं लागल्या, आणि हत्तीण फुगत फुगत देवळाच्या कळसाहून उंच गेली. कारभारी खालून ओरडले, "महाराज, उतरावें!" वरून उत्तर आलें, "कोठें उतरूं? घारी माझ्या खालून चालल्या आहेत!" इतक्यांत राजियांची दृष्टि नदीपार गेली, आणि खरी चंपाकळी दिसली. "दगा! माहुताचें डोकें मारा!" ऐसी गर्जना जाहली. शिपायांनीं खानास धरिलें. खान म्हणाला, "डोकें मारावें, परंतु हिला सुकवून बसविणें मजखेरीज कोणास येत नाहीं. महाराज वरच राहतील." सबब डोकें तूर्त राहिलें.

मग ऊन तापूं लागलें आणि हत्तीण हळूहळू आकसूं लागली. हैबतरावांस वर कांहीं काम नव्हतें, म्हणोन ते पाहत बसले. पल्याड माणकोजीराजे ऊंस सोलीत होते, चंपाकळीस देत होते, आणि कांहीं सांगत होते. सांगतां सांगतां रडूं लागले, तों तिणें सोंड त्यांच्या खांद्यावर ठेविली.

सांजेस हैबतराव भुईस लागले. खानापाशीं तलवारवाला उभाच होता. कारभारियांनीं पुसिलें, "फौज काढावी?" राजियांनीं नदीपार पाहिलें. मग म्हणाले, "हत्तीण आणवेल. पण तो तिजपाशीं बोलतो तैसें बोलणें कोठून आणूं?" आणि खानाकडे वळून पुसिलें, "ही तुमची खोटी लहान किती होते?"

"मांजराएवढी, हुजूर."

"मग करा. आणि पाणी किती घालावें तें मला शिकवा."

मग खानास शालजोडी देऊन रवाना केलें. आणि रोज सकाळीं हैबतराव तिजवर चार थेंब पाणी टाकीत, ती सोंड वर करी, आणि राजे तिला घरचें सर्व सांगत. कारभारी बाहेर तिष्ठत.

एकूण तात्पर्य हें कीं, या मोहिमेंत तलवार उपसली नाहीं, गांव जळला नाहीं, मनुष्य मेलें नाहीं. ऐशा प्रसंगास बखरींत जागा देत नाहींत, आम्हीं दिली. लेखनसीमा.