स्मशानातले वक्ते

आमचे शेजारी सुधाकरकाका भाषणात मूठ आपटतात. समोर पाण्याचा ग्लास असेल तर तो उडालाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. गणपतीच्या मांडवात हे एक वेळ खपलं असतं, पण काका भाषणं करतात ती मलकापूरच्या स्मशानात. तिथे टेबल नसतं, म्हणून ते शेडच्या लोखंडी खांबावर आपटतात.

आमच्याकडे चितेला अग्नी दिला की लोक लगेच परतत नाहीत. शेडखाली बसतात आणि चार जण उठून मयताविषयी बोलतात. पुढाऱ्यांचं झालं की काका उठतात. त्यांना कुणी बोलावत नाही. मयताची ओळख हवी अशीही त्यांची अट नाही.

ही विद्या त्यांनी रद्दीत सापडलेल्या एका जुन्या मासिकातल्या व्यंगचित्रांवरून उचलली. वर मथळा, ‘भाषण कसे करावे’. खाली एक फेटेवाला वक्ता. कुठे मूठ आपटतोय, कुठे छताकडे बघतोय, कुठे श्रोते घोरताहेत आणि हा स्वतःच्याच विनोदावर हसतोय. चित्रांखालच्या ओळी वाळवीनं खाल्ल्यात. ही सगळी वक्त्यांची टिंगल आहे हे शेंबडं पोरही सांगेल. काकांनी ती फ्रेम करून देवघराशेजारी लावली.

मी एकदा धीर करून म्हटलं, “काका, असं करू नये, असं दाखवलंय त्यात.”

“तुले काय समजते बे? चेहरा पाय त्याचा! किती खुश हाय!”

पुढच्याच अंत्यविधीला त्यांनी गाढवाचा विनोद सांगितला आणि एकटेच हसले. मयताचे जावई बाह्या सरसावून उठले. मी काकांना दंडाला धरून स्कूटरवर घातलं. अशा वेळी धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटतं.

दिवाळीपासून मात्र त्यांनी मलाच धरलंय. रोज संध्याकाळी अंगणात भाषणाला उभं करतात. “छाती काढ. वर आभायाकडे पाय. काऊन घाबरून राह्यला?” चारचौघांत स्वतःचं नाव सांगताना माझी जीभ अडखळते. मला ह्या जन्मात भाषण जमणार नाही.

परवा मी वैतागलो. “काका, मला कुठं निवडणूक लढवायचीय?”

ते पायरीवर बसले. काकू जाऊन बरीच वर्षं झालीत आणि मूलबाळ नाही. “मले सांग,” ते म्हणाले, “माह्या टायमाले कोण उठन? घे, बोल. मी गेलो समज.”

त्यांनी खरंच डोळे मिटले.

“सुधाकरकाका आमचे शेजारी होते,” एवढं म्हटलं आणि पुढे आवाजच फुटेना. त्या माणसाबद्दल सांगण्यासारखं किती होतं!

काका डोळे मिटूनच वाट बघत होते.

“थांबू नको रे,” ते हळूच म्हणाले. “तुह्या काकूच्या टायमाले कोणीच उठलं नव्हतं. मलेबी काही बोलता येत नव्हतं तवा.”