विहीणबाईंचं 'व्हेरी नाइस'

"इंग्रजीत आपल्याला अडवणारा माणूस पलूस तालुक्यात अजून जन्मायचाय!" हंबीररावांनी मिशीला पीळ देत जाहीर केलं.

झालं होतं असं, मंडळी, की त्यांच्या धाकट्या मुलाची, ऋषिराजची जर्मन सासू हेल्गाबाई पाहुणी आली होती. बाईंचं इंग्रजीही क्लासात शिकलेलं, हंबीररावांच्याच मापाचं! ऋषिराज बायकोला घेऊन सांगलीला गेलेला. थोरल्याची लेक शिवांजली कॉलेजला निघता निघता बजावत होती,

"आबा, कळलं नाही तर सरळ 'आय डोंट अंडरस्टँड' म्हणा. त्यात कमीपणा नाही."

"सुभेदार माणूस मी! विहिणीपुढं 'समजलं न्हाई' म्हणू व्हय गं?"

तिकडं हेल्गाबाईंची युक्ती वेगळीच. समोरच्याचं कळलं नाही की हसायचं आणि 'व्हेरी नाइस' म्हणायचं! पण हे कळलं मागाहून.

हंबीरराव अंगणात गप्पांना बसले. समोरून कोंबडी गेली. त्यांनी तिची सात पिढ्यांची कुळकथा इंग्रजीत सांगितली.

"व्हेरी नाइस!" हेल्गाबाई हसल्या.

हंबीरराव चपापले. या घराण्याची रीत अशी, की विहिणीनं नावाजलेली वस्तू जागच्या जागी तिला देऊन टाकायची! त्यांनी कोंबडी धरली आणि बाईंच्या हातात दिली. "टेक, टेक!"

मग पाण्याच्या हंड्याचा विषय निघाला. पुन्हा "व्हेरी नाइस!" हंडा रिकामा होऊन बाईंच्या कमरेवर गेला.

आतून हंबीररावांच्या कारभारीण बनुबाई धावल्या. "आवं, माझ्या माहेरचा हंडा हाय त्यो!"

"गप! रीत म्हंजे रीत!"

एवढ्यात गडी तुफानला पाणी पाजून घेऊन आला. तुफान म्हणजे हंबीररावांचा शर्यतीचा बैल! पोटच्या पोरासारखा वाढवलेला, रविवारी मैदानात उतरणारा. हंबीररावांना घाम फुटला. ते दोन्ही हात पसरून बैलाच्या आड उभे राहिले.

"बॅड बुल! व्हेरी बॅड! नो लुक!"

एवढी तळमळ बघून बाई गोंधळल्या. काही कळेना, म्हणून नेहमीपेक्षा जास्त हसल्या. "व्हेरी, व्हेरी नाइस!"

संपलं! हंबीररावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कासरा बाईंच्या मुठीत दिला आणि ओट्यावर जाऊन डोक्याला हात लावून बसले.

तासाभरानं शिवांजली आली आणि दारातच थिजली. हेल्गाबाईंच्या काखेत कोंबडी, कमरेवर हंडा, मुठीत कासरा. बैल त्यांची टोपी चाटतोय आणि बाईंचा चेहरा चुन्यासारखा पांढरा!

"सॉरी," बाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या. "आय डोंट अंडरस्टँड. हाऊ लाँग आय होल्ड?"

शिवांजलीनं चार प्रश्न विचारले आणि पोट धरून खालीच बसली.

"आबा, त्यांना वाटलं तुम्ही हे सगळं जरा वेळ धरायला देताय! तासभर उभ्या आहेत बिचाऱ्या!"

"म्हंजे... बैल नको त्यांस्नी?"

"बैल? घाबरून जीव चाललाय त्यांचा!"

हंबीररावांनी झेप घेऊन कासरा हिसकावला आणि तुफानच्या गळ्यातच पडले. बनुबाईंनी हंडा ओढला. कोंबडी आपली आपण सुटली.

हा शर्यतीचा बैल, रविवारी पळणार, म्हणून आबांचा जीव तुटत होता, असं शिवांजलीनं पाहुणीला समजावलं. बाई खुलल्या. तुफानच्या पाठीवर हात फिरवत खूप वेळ काहीबाही बोलल्या. हंबीरराव आनंदानं मान डोलवत राहिले. "येस! येस! व्हाय नॉट!"

शिवांजलीचं हसू गळालं.

"आबा! कशाला हो म्हणालात, कळलं का?"

"त्ये कशाला कळायला पायजे? बैल माझ्याकडं हाय न्हवं!"

"बैल तुमच्याकडंच आहे. पण बाईंची भीती मोडलीय. रविवारी तुफानची गाडी मी हाकू का, असं विचारत होत्या!"

हंबीररावांनी तुफानकडं पाहिलं. तुफाननं तोंड फिरवलं.