मोंबाशाला निघालोच होतो!

जुन्नर तालुक्यातून मोंबाशाला जाऊन परत आलेला पहिला सुतार कोण, असं कुणी विचारलं तर मी छाती पुढं काढून सांगेन : अहो, मीच तो, कुंडलिक मिस्तरी! त्याच्या पुढचं मात्र कुणी विचारू नये. पण तुम्ही विचारणारच. मग ऐका.

माझा लंगोटीयार गफूर तिकडं आफ्रिकेत मोंबाशाला रेल्वेच्या कामावर मुकादम झाला होता. तिथं सुतारांची फार चणचण. गफूरनं साहेबाला शब्द दिला, "माझ्या गावचा मिस्तरी आणतो, सोन्यासारखा माणूस आहे." साहेबानं त्या शब्दावर माझ्या आणि बायकोच्या नावानं कायम राहण्याचा परवाना काढून दिला. अट एकच. वर्षाच्या आत बिऱ्हाड घेऊन यायचं. नाही आलात, तर परवाना रद्द!

आता दुसरा एखादा असता तर बायको-बोचकी घेऊन तडक निघाला असता. मी तसला नव्हे! मी म्हटलं, आधी एकट्यानं जाऊन मुलूख बघून यावा, मग सावकाश बिऱ्हाड हलवावं. बायको, साळुबाई, म्हणाली, "सरळ दोघं जाऊ की! बगायचं काय त्यात?"

"चौकट बसवायच्या आधी भिंत बघावी लागते," मी म्हणालो. या वाक्यावर मी स्वतःच इतका खूश झालो, की आठवडाभर ते बाजारात भेटेल त्याला ऐकवलं.

निघताना गफूरची आई बिबिजानचाची बरणी घेऊन आली. आंब्याचं लोणचं, लसूण घातलेलं. "बेटा, माझ्या गफूरला दे. ह्याच्याबिगर घास गोड लागत न्हाई त्याला."

"चाची, जिवापाड जपीन!" मी म्हणालो.

आगबोट मुंबईचा धक्का सोडून निघाली आणि माझं पोट माझ्याआधी मोंबाशाला पोचायची घाई करू लागलं. पाणी राहीना, भात राहीना. मी डेकवर पिळलेल्या फडक्यासारखा पडलो होतो. शेवटी जीव जातोय असं वाटल्यावर बोटभर लोणचं चाटलं. ते मात्र राहिलं! मग दुसरं बोट. मग फोड. आफ्रिकेचा किनारा दिसला तेव्हा बरणीला नुसता खार लागलेला होता, तोही मी भाकरीच्या तुकड्यानं पुसून घेतला.

धक्क्यावर गफूरनं कडकडून मिठी मारली. पहिला प्रश्न, "अम्मानं काय धाडलंय?"

"दुवा!" मी म्हणालो.

बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. पण माझी खातिरदारी त्यानं जावयासारखी केली. कामाची जागा दाखवली, राहायची खोली दाखवली, साहेबापुढं उभं केलं. सगळं पसंत पडलं. "बिऱ्हाड घेऊन आलोच," असं सांगून मी परत फिरलो.

आणि इथून माझी मती फिरली.

जुन्नरात पाऊल टाकलं, तर बिबिजानचाची दारात उभी. "आवडलं का रं त्याला?"

आता म्हातारीला काय सांगू, की तुझ्या लेकाचं लोणचं मी चाटलं? तोंडातून निघून गेलं, "चाची, पहिला घास घेतला आणि ढसाढसा रडला तो!"

चाचीनं पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यावर भागलं असतं तर बरं, पण ती म्हणाली, "मग आता जाशील तवा दुसरी बरणी देते!"

इकडे साळुबाईनं निघायची तयारी केली. जातं शेजारच्या झुंबरबाईला दिलं, शेळी बहिणीला दिली, भांडी वाटून टाकली. घरात उरलं एक पातेलं, एक तवा आणि मी! मी म्हणालो, "थांब, जाण्याआधी पिंपळवंडी, घोडेगाव, सगळीकडं निरोप घेऊन येतो."

अहो, काय सांगू त्या निरोपांची गंमत! जो मला कालपर्यंत "ए सुतारा, खाटेचा पाय बसव" म्हणायचा, तो "या मिस्तरी, वर बसा" म्हणू लागला. पुरणपोळी काय, नारळ काय! घोडेगावात तर एकानं विचारलं, "मोंबाशात वाघ-सिंव्ह असत्यात म्हनं?" मी म्हणालो, "असतात की! स्टेशनात गाडी येईपर्यंत बाकावर बसलेले असतात." लोकांनी तोंडात बोटं घातली. मी बासुंदीची वाटी पुढं केली.

मोंबाशाला गेलो असतो तर चार सुतारांतला एक सुतार झालो असतो. इथं मी 'मोंबाशाला निघालेले मिस्तरी' होतो! मग कशाला घाई करायची? कधी म्हणालो समुद्र खवळलाय. कधी म्हणालो पाय मुरगळलाय. पाय बरा झाला तर म्हणालो साहेबच रजेवर गेलाय. दर वेळी तारीख ठरे, चाची नवी बरणी आणे, मी न जाई. मग चाचीच म्हणे, "बेटा, ते जुनं झालं असंल, तू खा. जाताना ताजं देते." असं करत करत गफूरच्या वाटणीचं सगळं लोणचं मी भाकरीबरोबर उडवलं.

साळुबाई मात्र रोज झुंबरबाईच्या दारात उभी. आमचंच जातं, आणि दळायला आम्हीच विनवणी करायची! एकदा ती पीठ घेऊन आली आणि माझ्यापुढं टोपलं आदळून म्हणाली, "झुंबरबाई इचारती, तुमी मोंबाशाला जानार का आमच्या जात्याला जानार? लोकं तोंडावर मिस्तरी म्हनत्यात आन् पाठ फिरली की हसत्यात. तुमाला न्हाई ऐकू येत, मला येतंय."

मी म्हणालो, "एवढी पिंपळवंडीची पंगत होऊ दे. मग निघालोच!"

पिंपळवंडीच्या धर्माजी पाटलांनी माझ्या निरोपाचा थाट मांडला होता. खरं तर निरोप त्यांनी एकदा दिलेला होता, पण मी गेलो नव्हतो म्हणून पुन्हा. गळ्यात झेंडूचा हार, पुढ्यात पुरणपोळी. साळुबाई मागच्या दारी बायकांबरोबर भांड्यांना लागली होती. बिबिजानचाचीही ताजी बरणी घेऊन बैलगाडीतून आली होती, ओट्यावर बसली होती. धर्माजी उभे राहून बोलू लागले, "आमचं मिस्तरी म्हंजी दिल्या शब्दाला जागनारा मानूस..."

तेवढ्यात दारात टांगा थांबला. अंगात कोट, डोक्याला फेटा, उन्हानं रापलेला माणूस उतरला. गफूर!

नारायणगावला उतरल्यावर टांगेवाल्यानंच त्याला सांगितलं होतं, की मोंबाशावाल्याची पंगत पिंपळवंडीत आहे. मी हातातला घास पानावर ठेवला. चाची धावत गेली, लेकाला पोटाशी धरलं, रडली, हसली, आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझं लोनचं खाऊन रडलास म्हनं तू! कुंडलिकनं सांगितलं मला."

"लोनचं?" गफूर म्हणाला. "कसलं लोनचं, अम्मा?"

पंगत थबकली. वाढणाऱ्याच्या हातातलं तूप माझ्या पोळीवर गळत राहिलं. गफूरनं माझ्याकडं पाहिलं. मी हाराकडं पाहिलं. झेंडूच्या पाकळ्या मोजाव्यात असं मला वाटू लागलं. चाचीचा चेहरा उतरायला लागला होता.

तेवढ्यात गफूर मोठ्यानं हसला. "हां हां, ते व्हय! रडलो की! लई तिखट घातलं व्हतंस तू!"

चाची खुदकन हसली. पंगत पुन्हा सुरू झाली. माझी मात्र नाही झाली. अहो, त्यानं मला चारचौघांत जोड्यानं मारलं असतं तर मी पोळी संपवली असती! पण त्या हसण्यानं माझं अंग असं जळालं, की हार काढून खाली ठेवला आणि पानावरून उठलो.

गफूर गोठ्यामागं माझ्याजवळ आला. लोणच्याचं नावही काढलं नाही. म्हणाला, "साहेब म्हनला, तुझ्या मुलखात शब्द दिला की पाळत न्हाईत वाटतं. मी म्हनलो, तो आजारी असंल. रजा काढून बगाया आलो. तू तर चांगला गुबगुबीत झालायस."

मी गोठ्याच्या मेढीची साल नखानं सोलू लागलो.

"परवान्याची मुदत सरत आलीय, कुंडलिक. अम्मासाठी मी एक खोटं बोललो. माझ्यासाठी तू एक खरं बोल. येनार का न्हाई?"

मी "येतो" म्हणायच्या आत मागून आवाज आला, "म्या येते!" साळुबाई! हातात खरकटं पातेलं, डोळ्यांत पाणी. "गफूरभाऊ, ह्यांना न्हाई यायचं तर ऱ्हाऊ द्या हितं, पुरनपोळ्या खात. मी तितं चार मानसांचं जेवान करीन, पर झुंबरबाईच्या दारात आता जानार न्हाई."

"येतो," मी म्हणालो. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच हा शब्द बोलताना माझा आवाज बारीक झाला.

निघालो त्या दिवशी हार नाही, नारळ नाही. कुणाला कळवलंच नव्हतं! कोणत्या तोंडानं कळवणार? चाचीनं एक बरणी दिली, ती मात्र सरळ गफूरच्या हातात. घाटघरवरून नाणेघाट उतरायचा, कल्याण गाठायचं आणि तिथून मुंबईची गाडी धरायची. गफूर आणि साळुबाई झपाझप पुढं गेले. मी मागं, मान खाली घालून.

घाटघरला भागू नावाच्या गड्यानं रस्त्यात गाठलं. "राम राम मिस्तरी! कुनीकडं?"

मोंबाशाला, असं म्हणायला जीभ उचलेना. या शब्दाचं इतकं हसं मी केलं होतं! म्हणालो, "असंच जरा कल्याणला. लाकूड बघायला."

"बरं झालं गाठ पडली! नवं खोपट बांधलंय. दाराला चौकट नाय. येताना बसवून द्याल का राव?"

"देतो की," मी म्हणालो. "आठ दिवसांत आलोच!"

भागूनं हात जोडले आणि समाधानानं वळला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मोंबाशात आमचं बरं चाललंय. पण घाटघरला भागू अजून दाराला गवताच्या पेंढ्या लावून, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असेल, "कल्याणला गेल्यात मिस्तरी, येतीलच." आख्ख्या तालुक्यात माझ्या शब्दावर विश्वास ठेवणारा तेवढा एकच माणूस उरलाय, आणि त्यालाही मी फसवून आलोय!